गावाचे वय कोणत्या तिथीपासून?

गावाला जन्मतिथी नसते. मग त्याचे वय कशावरून मोजायचे? इंद्रायणीकाठच्या देहूने २०२५ मध्ये मोठा सोहळा केला, तो गावाच्या स्थापनेचा नव्हे, तर तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या ३७५ व्या वर्षाचा. गणना फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ (इ.स. १६५०) पासूनची. देहू त्याहून जुने. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी तेथे विठ्ठल-रखुमाई स्थापल्याचे परंपरा सांगते. घराण्याची महाजनकी, वाणिज्य, १६३० चा भीषण दुष्काळ हाही गावचाच इतिहास. उत्सवात मात्र तो मागे पडतो.

संतांच्या बाबतीत वारकरी जन्मापेक्षा प्रयाणाची तिथी अधिक मानतात, कारण संताचे जाणे त्यांच्या लेखी मृत्यू नव्हे. आळंदीला ज्ञानदेवांची समाधी आहे, देहूत तुकोबांची नाही. सदेह गमनावर श्रद्धा ठेवणाऱ्याला ही उणीव वाटत नाही. काही अभ्यासकांनी मात्र घातपाताची शंका मांडली आहे. इतिहास पुरावा मागतो, बीजेला, म्हणजे त्या द्वितीयेला, जमणारे भाविक तो मागत नाहीत. दोन्ही भूमिका एकाच मापाने तोलणे गैर. हा वाद काही असो, गावाचे सातत्य टिकले ते आचारामुळे: तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेली पालखी आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पंढरपूरकडे निघते.