जंतू सापडला, म्हणजे आजार सापडला?
शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाची शंका आली, तर कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या, निकालाला दोन-तीन दिवस लागतात; पीसीआर पॅनेल साधारण तासाभरात जंतूचा डीएनए ओळखते. पण माहिती म्हणजे ज्ञान नव्हे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांच्या, मते धुरावरून अग्नीचे अनुमान होते, अग्नीवरून धुराचे नाही. धूर व्हायला इंधन ओले असावे लागते. तसेच इथे. डीएनए मेलेल्या किंवा नुसत्या वस्तीला असलेल्या जंतूचाही असतो. आजार ठरवायला ताप, एक्स-रे, ऑक्सिजनची पातळी लागते. कुणी म्हणेल, रुग्ण अत्यवस्थ असताना एवढा तर्क कशाला? पण तेव्हाच चुकीचे अनुमान सर्वांत महाग पडते. ब्रिटनमधल्या ‘इनहेल’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात पीसीआरमुळे प्रतिजैविकांचा वापर अधिक नेमका झाला. मात्र रुग्ण बरे होण्यात ही पद्धत नेहमीच्या पद्धतीहून उणी नाही, हे सिद्ध झाले नाही. वेग पुरावा लवकर देतो. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी डॉक्टरांच्या विवेकाचीच.