घामाचे मोजमाप

शारीरिक शिक्षणाच्या तासाला कोणी किती मेहनत घेतली, हे शिक्षक वर्षानुवर्षे नजरेने ठरवत आले. स्टॉपवॉच वेळ सांगते, टेप उडीचे अंतर सांगतो. शरीराला किती ताण पडला हे दोन्हींतून कळत नाही. ही उणीव अंगावर बांधायच्या हृदयगतिमापकाने भरून काढली. फिनलंडमध्ये १९७७ साली स्थापन झालेल्या पोलार इलेक्ट्रो कंपनीने पुढच्या दशकाच्या सुरुवातीला बिनतारी मापक बाजारात आणला. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो आणि मनगटावरच्या घड्याळात मिनिटाचे ठोके दिसतात.

शाळेत या साधनाने काय बदलते, हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल या गावी दिसले. १९९०च्या दशकात तिथले क्रीडाशिक्षक फिल लॉलर यांनी मैलभर धावण्याच्या वेळी हे मापक वापरले. खेळात फारशी गती नसलेली अकरा वर्षांची एक मुलगी रडतखडत धावत होती. तिचे आकडे पाहिले तेव्हा सरासरी ठोके १८७ निघाले. शेवटची रेषा ओलांडताना ते २०७वर गेले होते. या वयाची अंदाजे कमाल मर्यादा २०९. म्हणजे मागे पडलेली ही मुलगी जीव तोडून धावली होती. मानसोपचारतज्ज्ञ जॉन रेटी यांनी 'स्पार्क' (२००८) या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. लॉलर यांनी त्यानंतर वेगाऐवजी मेहनतीला गुण द्यायला सुरुवात केली, आणि क्रीडाशिक्षक पॉल झिएंटार्स्की यांनी नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलमध्ये हीच पद्धत राबवली. १९९९च्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेपरव्हिलचे विद्यार्थी विज्ञानात पहिले आले. मात्र गाव सुखवस्तू असल्याने या यशाचे सगळे श्रेय व्यायामाला देता येत नाही.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत. कमाल हृदयगती काढण्याचे प्रचलित सूत्र २२० वजा वय. त्यानुसार पंधरा वर्षांच्या मुलाची मर्यादा २०५ येते. २००१ साली मांडलेल्या दुसऱ्या सूत्राने ती १९८च्या आसपास भरते. प्रत्यक्षात सारख्या वयाच्या दोन मुलांतही दहा-पंधरा ठोक्यांचा फरक असू शकतो. छातीवरच्या पट्ट्याऐवजी वापरली जाणारी मनगटी घड्याळे हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह टिपतात. हात जोरात हलला किंवा घड्याळाचा पट्टा सैल राहिला, की आकडा चुकतो.

मनावर होणारा परिणामही पाहायला हवा. संशोधक शार्लट कर्नर आणि व्हिक्टोरिया गुडइयर यांनी इंग्लंडमधील १३-१४ वर्षांच्या १०० मुलामुलींना आठ आठवडे फिटबिट हे पावले मोजणारे मनगटी साधन वापरायला दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांची व्यायामाची आतून येणारी ओढ वाढण्याऐवजी घटलेली आढळली. ठरावीक पावलांचे लक्ष्य आणि मित्रांशी होणारी तुलना यांचे दडपण मुलांवर येते. वयात येणाऱ्या मुलामुलींना आपल्या शरीराविषयी आधीच संकोच असतो. त्यांचे आकडे वर्गासमोर पडद्यावर लावले, तर तो वाढण्याचीच भीती असते.

म्हणून शाळांनी काही पथ्ये पाळावीत. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी व्हावी. आकडे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातच राहावेत. पालकांची संमती घ्यावी, आणि नोंदी कुठे साठवल्या जातात व किती दिवस ठेवल्या जातात हे त्यांना सांगावे. ज्याला पट्टा बांधायचा नाही, त्याला मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी मोजायला शिकवावे. तेवढ्यानेही मेहनतीचा अंदाज येतो. सगळ्यात मागे धावणाऱ्या मुलाची मेहनत शिक्षकाला दिसावी, यासाठी हे साधन शाळेत यावे. त्याच मुलाला सर्वांदेखत कमी लेखण्यासाठी ते वापरले जाणार असेल, तर न घेतलेलेच बरे.