घोयऱ्यासमोर बसताना

हे घाईने वाचू नका. एक परिच्छेद वाचावा, डोळे मिटावेत, वाचलेलं मनात नीट पाहावं आणि मग पुढे यावं. मध्येच कुठे रेंगाळावंसं वाटलं तर खुशाल रेंगाळा. उरलेलं उद्या वाचलं तरी चालेल.

पाठ सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या. श्वासाला हात लावू नका, तो आपला आपण चालू दे.

आता मनाने आंबोलीत या. जून सरत आला आहे. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटरचा रस्ता, त्यातला घाट धुक्यातून चढून आपण सुमारे ६९० मीटर उंचीवर आलो आहोत. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं हे गाव. पाऊस आत्ताच थांबला आहे, पण झाडं अजून गळताहेत. हिरण्यकेशी नदीकडे जाणाऱ्या वाटेला एक ओला दगड आहे, त्यावर बसा. पायाला जळू लागली तर काढून टाका आणि पुन्हा बसा.

समोर पाहा. आधी फक्त हिरवं दिसेल, एकसलग. पाहत राहा. हळूहळू त्या एका हिरव्यातून अनेक हिरवे सुटे होतील. नव्या पालवीचा पोपटी, खोडावरच्या शेवाळाचा गडद, नेच्याच्या उलगडणाऱ्या टोकाचा फिकट, साचलेल्या पाण्यातला काळपट. रंग आधीपासून होतेच, आपली नजर पोचायला वेळ लागला. या जंगलात काहीही पाहायचं तर पहिली अट हीच, आधी आपण थांबायचं.

आता कानाने खाली शेताकडे जा. पहिल्या जोराच्या पावसात पाणी भरलेल्या खाचरात मोठे बेडूक ओरडताहेत. हा इंडियन बुलफ्रॉग. एरवी मातकट हिरवा, चिखलात असला तर पायाखाली येईपर्यंत कळणार नाही असा. पण विणीच्या या मोजक्या दिवसांत नर हळद लागल्यासारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या फुगतात. तो पिवळा नीट डोळ्यांपुढे आणा. मातीच्या रंगात सुरक्षित असलेल्या जिवाने ती सुरक्षितता स्वतःहून बाजूला ठेवली आहे. जो रंग मादीला दिसतो तोच बगळ्यालाही दिसतो आणि बॅटरी घेऊन आलेल्या माणसालाही. तरी तो पिवळा झाला आहे. त्याला काही सांगायचं आहे आणि सांगण्यासाठी त्याच्याकडे आवाज आहे आणि रंग आहे.

एक श्वास इथे घ्या.

वाटेकडेच्या खोडावर नजर चढवा. तिथे एक सडपातळ सरडा चिकटून बसला आहे, साल आणि तो यांत फरक कळू नये असा. हा रूक्सचा रानसरडा, शास्त्रज्ञ त्याला मोनिलेसॉरस रूक्सी म्हणतात. विणीच्या काळात याच्या नराचं अंग काळपट होतं आणि डोक्या-गळ्यावर विटकरी, नारिंगी रंग चढतो. दुसरा नर समोर आला की तो मान हलवतो. ओल्या काळ्या खोडावर तेवढंच नारिंगी हललेलं दिसतं, जणू कुणी निखारा फुंकला.

झुडपाच्या फांदीवर, दोन हात लांबून, मलबारी चापडाही पाहून घ्या. विषारी साप आहे, जवळ जायचं कारण नाही. तो तासन् तास हलत नाही. याच एका जातीत कुणी हिरवा, कुणी पिवळसर, कुणी तपकिरी, कुणाच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके. दोघे शेजारी ठेवले तर नात्यातले वाटणार नाहीत, आणि आहेत मात्र एकाच जातीचे. वैविध्य हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो. इथे तो फांदीवर वेटोळं घालून बसलेला असतो.

डोळ्यांना आता थोडी सवय झाली. ज्याच्यासाठी बसलो, त्याला बोलावू.

त्याचं मराठी नाव घोयरा सरडा, काही ठिकाणी सरडगुहिरा. इंग्रजीतून आलेलं शॅमेलिऑन हे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये. भारताच्या वाट्याला ही एकच आली. घोयरा मुख्यतः कोरड्या, विरळ झाडीचा रहिवासी आहे. आंबोलीच्या धुक्यात त्याला शोधत फिरू नका. इथल्या बेडकाने आणि रानसरड्याने आपली नजर तयार केली, त्या नजरेने त्याला मनासमोर आणायचं आहे.

एक बाभळीची फांदी कल्पा. त्यावर हातभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी चपटा, हिरवा प्राणी. आधी त्याचे पाय पाहा. पाचही बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली, सांडशीने पातेलं धरावं तशी फांदी धरलेली. तो पाऊल उचलतो, पुढे नेतो, टेकवण्याआधी मागेपुढे डोलतो. वाऱ्यावर पान हलावं तसा. पुन्हा उचलतो. एका फांदीवरून दुसरीवर जायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आपणही देऊ.

आता डोळा. खवल्यांनी मढलेला शंकू आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढं छिद्र. एक डोळा पुढे पाहतो, दुसरा त्याच वेळी मागे. जगाचं इतकं भान, आणि शरीर मात्र स्थिर. मग कुठेतरी नाकतोडा हलतो. भिरभिरणारे दोन्ही डोळे एकाच जागी येऊन थांबतात, आणि अंगापेक्षाही लांब जीभ सुटते. आपल्याही मनाचे डोळे दिवसभर दोन दिशांना फिरत असतात. ते एका जागी कधी येतात, हे क्षणभर आठवून पाहा.

आणि आता त्वचा. साबुदाण्यासारखी दाणेदार. ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असं आपण ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्याच्याबद्दल म्हणतो. या त्वचेत खरोखर काय घडतं?

२०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. ग्वानिन आपल्याला परका नाही. मालवणच्या बाजारात तारलीचं अंग चांदीसारखं चमकतं ते त्याच्याच स्फटिकांमुळे. शॅमेलिऑन निवांत असतो तेव्हा हे स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत पाठवतात. त्वचेत पिवळा रंगही असतोच. निळा आणि पिवळा मिळून तो हिरवा दिसतो. तो उत्तेजित झाला, समोर प्रतिस्पर्धी किंवा मादी आली, की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि प्रकाश पिवळा, नारिंगी, लाल होऊन परततो. रंग कुठून बाहेरून आणावा लागत नाही. आतलं अंतर बदलतं आणि बाहेरचा रंग पालटतो.

हे वाक्य मनात एकदा सावकाश फिरवा. आतलं अंतर बदलतं आणि बाहेरचा रंग पालटतो.

हिरव्या पानांत हिरवा घोयरा लपतो, हे खरंच आहे. पण चौकड्यांच्या कापडावर ठेवला म्हणून तो चौकड्यांचा होत नाही. सकाळी गार पडलेला शॅमेलिऑन गडद होतो, ऊन शोषून घेण्यासाठी. घाबरला की काळवंडतो. मादीसमोर खुलतो. म्हणजे सभोवताल पाहून सोंग घेण्यापेक्षा, स्वतःला काय होतं आहे हे तो त्वचेवर मांडत असतो.

आता स्वतःचा चेहरा आठवा. आपणही लाजेने लाल होतो, भीतीने पांढरेफटक पडतो, रागाने लालबुंद होतो. वाईट बातमीने चेहरा काळवंडतो, चोरी पकडली गेली की रंग उडतो. मराठीने हे सगळे रंग माणसाच्या खरेपणाची साक्ष म्हणून जपले आहेत. तोंडाने माणूस ‘काही झालं नाही’ म्हणतो, आणि आई त्याच्या चेहऱ्याचा रंग पाहून ओळखते. जी साक्ष आपल्या चेहऱ्यावर प्रामाणिक, ती सरड्याच्या अंगावर लबाडी कशी झाली? शेवटचं कधी तुमचा रंग असा बदलला होता आणि तो कुणी ओळखला होता? तो माणूस आठवा. त्याच्यापाशी थोडं थांबा.

रंग असा ओळखणारा एक चितारी चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला, उस्ताद मन्सूर. बादशहा जहांगीराने त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातलं नवल, असा किताब दिला होता. जहांगीराच्या आठवणींत १६१२ सालची एक नोंद आहे. त्याचा दरबारी मुकर्रबखान गोव्याहून, म्हणजे या आंबोलीच्या घाटाखालच्याच मुलखातून, विलक्षण प्राणी घेऊन आला. त्यांत टर्की कोंबडा होता. बादशहा लिहितो की बाबराने आपल्या ग्रंथात प्राण्यांची वर्णनं केली, पण चित्रं काढवून घेतली नाहीत. मी काढवून घेतली, कारण ऐकून जे नवल वाटतं ते पाहून वाढावं.

मन्सूरने काढलेला शॅमेलिऑन त्याच सुमाराचा मानला जातो. आज तो इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. तळहाताएवढा कागद, त्यावर एक फांदी आणि फांदी धरून बसलेला हिरवा प्राणी. त्वचेचा दाणा न् दाणा कुंचल्याच्या टोकाने उठवलेला. मनासमोर तो हिरवा आणा. जिनिव्हाचा अभ्यास ध्यानात ठेवून पाहिलं तर हिरवा हा निवांतपणाचा रंग आहे. मला वाटतं, मन्सूर त्या जिवासमोर इतका शांत बसला असावा की त्याला हिरवं राहता आलं. चित्रात प्राणी दिसतो, आणि चितारी कसा बसला होता तेही दिसतं.

याच्या उलट, घोयऱ्याला मुठीत धरून काढलेले फोटो आठवा. त्यांत तो बहुधा गडद असतो, तोंड उघडलेला, अंग फुगवलेला. आपण म्हणतो, काय रंग बदलला बघा! तो रंग भीतीचा आहे. पाहणारा कसा आला, यावर काय दिसेल ते ठरलं.

आता हळूहळू परत येऊ. गळणारी झाडं, ओला दगड, खाचरातला पिवळा बेडूक, खोडावरचं नारिंगी, कागदावरचा हिरवा. एकेकाला निरोप द्या. श्वास पुन्हा जाणवू द्या. डोळे उघडा.

उठण्याआधी एवढंच मागणं. घोयऱ्याला विष नसतं. तरी विषारी समजून त्याला आजही दगड मारले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण बांधावर दगड उचलणाऱ्या हातापर्यंत कायदा पोचतोच असं नाही, तिथे शेजारी उभं असलेलं माणूसच पोचतं. पावसाळ्यात रात्री आंबोलीचा घाट चढताना गाडी हळू चालवा, रस्त्यावर बेडूक असतात. आणि कधी एखादा घोयरा डोलत डोलत रस्ता ओलांडताना दिसला, तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. उचलू नका. पाहता पाहता त्याचा रंग काळवंडू लागला, तर दोन पावलं मागे या.