आणखी एक वर्ष
(मनन : लूक १३:६-९)



आपल्या वसईत वाडी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. झाड लावले म्हणजे काम संपले असे होत नाही. आळे करावे लागते, खत घालावे लागते, तण काढावे लागते, पाण्याची पाळी सांभाळावी लागते. ‘देव पाऊस देतोच आहे, वाडी आपली आपण वाढेल,’ असे म्हणून ओट्यावर बसून राहणारा शेतकरी आपण पाहिलेला नाही. पण आत्म्याच्या वाडीत मात्र आपल्यापैकी पुष्कळजण नेमके हेच करतो. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला, दृढीकरण झाले, देवळात लग्न लागले. रविवारच्या मिस्साबलिदानाला आपण सहसा चुकत नाही. मग आणखी काय करायचे, असे आपल्याला वाटते.

प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला अशाच लोकांसाठी आहे. ते झाड रानात, काट्याकुट्यांत उगवलेले नव्हते. मालकाने ते मुद्दाम द्राक्षमळ्यात, चांगल्या जमिनीत लावले होते. मालक तीन वर्षे फळ पाहायला येत राहिला आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत गेला. झाडावर काही वाईट फळ आले होते, असे येशू सांगत नाही. झाडाला कीड लागली होती, असेही नाही. त्याचा दोष एवढाच, की ते नुसते उभे होते. उत्तम जागा अडवून उभे होते. बंधू-भगिनींनो, ‘मी कोणाचे वाईट केले नाही,’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्या झाडालाही हे म्हणता आले असते.

आपल्या गावांतली बावखले आठवून पाहा. बावखल एका दिवसात बुजत नाही. कोणी ते बुजवायचे ठरवलेले नसले तरी दरवर्षी थोडा पाला पडतो, थोडा गाळ बसतो. कोणीच उपसायला उतरत नाही. मग एक दिवस आजूबाजूच्या विहिरींचे पाणी कमी झाले, की माणसे विचारू लागतात, काय झाले? श्रद्धाही बहुधा अशीच आटते. घरातील संध्याकाळची प्रार्थना कोणी ठरवून बंद केलेली नसते. आधी टीव्हीवरील मालिकेसाठी ती पुढे ढकलली जाते, मग मुलांच्या क्लाससाठी, मग प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलसाठी. श्रद्धा सोडून देण्यासाठी काहीच करावे लागत नाही. ती वाढवण्यासाठी मात्र ठरवावे लागते.

हे मी तुम्हाला उंच जागेवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः पापनिवेदनाला गेलो होतो. माझे बोलून झाल्यावर त्या वृद्ध धर्मगुरूंनी मला शांतपणे विचारले, “फादर, यातल्या एखाद्या गोष्टीसाठी मागच्या वेळेपासून आजपर्यंत तुम्ही काय केलंत?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत असताना मी जी पापे सांगत होतो, तीच त्याच शब्दांत आजही सांगत होतो. दर वेळी पश्चात्ताप खरा होता, पण पुढचे पाऊल कधी ठरलेलेच नव्हते. त्या दिवशी मला अंजिराचे ते झाड आठवले आणि भीतीही वाटली.

त्यांनी मला संत इग्नेशियस लोयोलांकडे पाठवले. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडलेले असताना त्यांच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे आली. त्यांचे मन तिथे बदलले, पण मन बदलले म्हणजे सगळे झाले असे त्यांनी मानले नाही. पुढे मान्रेसा येथे त्यांनी प्रार्थनेत दीर्घ काळ घालवला. तिशी ओलांडल्यावर बार्सिलोनात लहान मुलांबरोबर बसून ते लॅटिन शिकले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्या पुस्तकात एक अगदी साधी रीत आहे. आपला एकच दोष निवडायचा. प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन रेघा ओढायच्या. दुपारी आणि रात्री थांबून स्वतःला विचारायचे, आणि जितक्या वेळा पाय घसरला तितके ठिपके त्या रेघांवर द्यायचे. मग आजची रेघ कालच्या रेघेशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दुकानदार जसा रोजचा हिशेब लिहितो, तसेच हे.

मी माझा एक दोष निवडला : कार्यालयात येणाऱ्या माणसांवर चिडणे. पहिल्या आठवड्यातील ठिपके पाहून मला माझीच लाज वाटली. त्या ठिपक्यांमध्ये एक आजी होत्या. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी मी त्यांना तीन खेपा घालायला लावल्या होत्या, वर चार शब्द सुनावलेही होते. एका संध्याकाळी मी दाखला घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “फादर, तुम्ही आलात, बरं झालं. बसा, चहा टाकते.” माझा राग अजून गेलेला नाही. ठिपके कमी झाले आहेत, एवढेच सांगतो.

इथे एक सावधगिरी हवी. हा हिशेब देवापुढे मिरवण्यासाठी नाही. मंदिरात उभा राहून आपल्या उपवासांची आणि दशांशांची यादी वाचणारा परुशी घरी परतला तो नीतिमान ठरून नव्हे. संत पौल करिंथकरांना स्पष्ट सांगतात, की एक जण लावतो, दुसरा पाणी घालतो, पण वाढवणारा देवच आहे. आळे करणे आपले काम, फळ ही त्याची कृपा. मात्र कृपा मागायची आणि आळे कोरडे ठेवायचे, हे बरोबर नव्हे.

म्हणून या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. पहिली : रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे क्रुसापुढे बसा. दिवसाबद्दल देवाचे आभार माना, त्याच्याकडे प्रकाश मागा, सकाळपासूनचा दिवस आठवा, चुकले त्याची क्षमा मागा आणि उद्यासाठी एक लहान निश्चय करा. दुसरी : एकच दोष निवडा, दहा नकोत. घरातल्यांना विचारलेत तर ते लगेच सांगतील! तिसरी : पापनिवेदनाला नाताळ आणि ईस्टरचीच वाट पाहू नका. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा.

दाखल्यातील माळी मालकाला विनंती करतो, की आणखी एक वर्ष हे झाड राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आपल्यासाठी अशी रदबदली करणारा माळी म्हणजे स्वतः प्रभू येशू. तो कुदळ घेऊन उभा आहे. पण दाखला तिथेच संपतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. ती गोष्ट त्याने आपल्यावर सोपवली आहे.

हे प्रभू, आमच्या मुळांभोवतीची घट्ट झालेली माती तू उकर. खणताना दुखले तरी आम्हाला तुझ्या हाताखाली उभे राहण्याचे बळ दे. आमेन.