चर किती खोल?

शिरोळ तालुक्यात ऊस करणाऱ्याला क्षारपड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाणी पाजत राहायचं, निचरा व्हायचा नाही, मग एके दिवशी मीठ वर येतं. सकाळी सरीवर कुणी चुना शिंपडल्यासारखा दिसतो आणि ऊस पिवळा पडत जातो. आबांचं दीड एकर असंच गेलं होतं. त्यांनी जमिनीखाली छिद्रांचे पाईप घातले, तीन पावसाळे दम धरला आणि रान परत आणलं. तेव्हापासून निचऱ्याचं काही विचारायचं असलं की गाव आबांच्या दारात यायचं.

अशा माणसाला रक्तदाब निघाला. डॉक्टरीणबाईंनी क्लोरथॅलिडोन दिली, साडेबारा मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. "मूत्रपिंडावाटे मीठ बाहेर काढते, मिठाबरोबर पाणी जातं," त्या म्हणाल्या. आबा खूश. हा तर आपलाच धंदा!

पण आठ दिवसांनी दाब मोजला तर १६० चा १५६. या गोळीचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात, हे बाईंनी सांगितलं होतं. आबांनी ते ऐकलं नव्हतं. शेजारच्या तात्यांचं हृदय अशक्त, पाय सुजायचे, म्हणून त्यांना फ्युरोसेमाइड होती. गोळी घेतली की तासाभरात तात्यांच्या फेऱ्या सुरू.

"ह्याला म्हणत्यात पाण्याची गोळी," तात्या म्हणाले आणि पाकिटातल्या सहा गोळ्या कात्रीनं कापून आबांच्या हातावर ठेवल्या. मैत्रीतच दिल्या, हे सांगायला हवं.

आबांनी सकाळची आपली चालू ठेवली आणि संध्याकाळी तात्यांची घेऊ लागले. रात्री चार-चार वेळा उठणं आलं. चौथ्या रात्री पोटरीत असा गोळा आला की ते खाटेवर उठून बसले. सातव्या दिवशी पहाटे धार काढायला वाकले, उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. गोठ्याचा खांब हाताशी होता म्हणून पडले नाहीत.

बाईंनी रक्त तपासलं. पोटॅशियम ३.१. ते साडेतीनच्या खाली जाऊ नये.

"आबा, पाईप घालताना चर किती खोल काढता?"

"रान बघून. चार-साडेचार फूट."

"आठ फूट काढला तर? पाणी लवकर जाईल की."

आबा हसले. "पाणी जाईल वो, पर पाण्यासंगं खतबी जातंय."

"मग तुमचंही तेच झालंय. शेतात तुम्ही पालाश म्हणता ना, तेच हे पोटॅशियम. पालाश कमी पडलं की उसाचं पान कडेनं करपतं. माणसाच्या पायात गोळे येतात, जास्तच घसरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. तात्यांच्या अंगात पाणी तुंबलंय, त्यांना ती जोराची गोळी हवीच. तुमच्या अंगात पाणी तुंबलेलं नाही, तुमचा फक्त दाब वाढलाय. दोन्ही पाण्याच्याच गोळ्या, पण रान वेगळं."

साध्या रक्तदाबाला सावकाश चालणारी, दिवसभर पुरणारी गोळी बरी, हे काही त्या बाईंचं एकटीचं मत नाही. उत्तर अमेरिकेत ३३,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या ऑलहॅट या अभ्यासाचा निकाल २००२ साली आला, तेव्हा ही जुनी, स्वस्त क्लोरथॅलिडोन हृदयविकार रोखण्यात नव्या महाग गोळ्यांपुढं कमी पडली नव्हती. पण सावकाश म्हणजे निर्धोक नव्हे. हीसुद्धा पोटॅशियम आणि सोडियम उतरवू शकते, युरिक ॲसिड वाढवते. म्हणून सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्त तपासायचं असतं, आणि अंगठा सुजण्याचा वातरक्ताचा त्रास आधीपासून असेल तर तो आपण होऊन सांगायचा असतो.

बाईंनी आबांनाही ते विचारलं. वातरक्त नव्हतं. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी मात्र निघाली. तीही बंद केली. अशा गोळ्या अंगात मीठ धरून ठेवतात आणि या औषधांबरोबर मूत्रपिंडाला जड जातात. चार दिवस पोटॅशियमचं कडवट औषध, गोळी पुन्हा एकच, सकाळची. जुलाब-उलट्या झाल्या तर घेण्याआधी फोन करायचा, असं बजावलं.

महिन्याभरानं पोटॅशियम ३.९ आणि दाब १३६ वर आला.

तात्यांच्या पाकिटात मात्र महिनाअखेर सहा गोळ्या कमी पडल्या. "चार दिवसानं काय हुतंय," म्हणत ते थांबले. पाचव्या दिवशी सूज गुडघ्यापर्यंत चढली, रात्री आडवं होता येईना, आणि आबांच्या पुतण्याच्या गाडीतून त्यांना त्याच दवाखान्यात न्यावं लागलं.