केळशीचं देणं आधी फेड

उठू नकोस, बस. देवीला नारळ दिलास, उत्सवाच्या मांडवात तासभर बोललास, शालही घेतलीस. आता माझं ऐक. समोर बसलेल्यांपैकी एकालाही तुझं बोलणं कळलं नाही, आणि त्याचा दोष मी त्यांच्या माथी मारू देणार नाही.

तुझ्या प्रबंधाचा विषय कुठला? भारजा नदीच्या मुखाशी उभी असलेली आपली वाळूची टेकडी. खापरं कुठे उघडी पडतात, उधाणाचं पाणी कुठवर चढतं, कुठल्या पावसाळ्यात किती वाळू ढासळली, हे तुला कोणी सांगितलं? होडीवरच्या खलाशांनी आणि माडाच्या वाडीत राबणाऱ्या बायकांनी. त्यांच्या पडवीत बसून वह्या भरल्यास, त्यांच्याकडे जेवलास. मग पुस्तक काढलंस ते इंग्रजीत, परदेशी प्रकाशकाकडून, घरात महिन्याचा किराणा भरावा एवढ्या किमतीचं. प्रस्तावनेत ‘स्थानिक लोक’ म्हणून एका ओळीत त्यांची बोळवण केलीस. ज्यांची नावं तुला पाठ आहेत त्यांना ‘स्थानिक लोक’ म्हणताना तुझा हात अडखळला कसा नाही?

काल मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, ‘इथे त्सुनामी आली होती की नाही?’ तू म्हणालास, ‘ते गुंतागुंतीचं आहे,’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलास. त्या क्षणी मला तुझी लाज वाटली. त्याच्या साऱ्या घराचं पोट समुद्रावर चालतं. त्याला जाणून घ्यायचा तुझ्याइतकाच हक्क आहे.

काय सांगता आलं असतं? सांगायचं, की डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठ्यांनी ही टेकडी अभ्यासली आणि ती त्सुनामीशी जोडली. सांगायचं, की १५२४ साली वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळजवळच्या समुद्रात हादरे बसले, अशी पोर्तुगीजांची नोंद आहे. दाभोळ म्हणजे आपल्याच तालुक्यातलं. वाऱ्याने साठवलेली वाळू कोणती आणि लाटेने आणून टाकलेली कोणती, हे कशावरून ओळखतात ते सांगायचं. जुन्या कोळशातला किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून वय काढतात, हे सांगायचं. आणि शेवटी, अमुक एवढं पक्कं आहे, अमुक ठिकाणी अभ्यासकांचं एकमत नाही, माझं मत हे आणि त्याची कारणं ही, असं स्वच्छ बोलायचं. खात्री नसणं लोकांना समजतं रे. दर्यावर जाणारा माणूस रोज अंदाजावरच निघतो. तू त्यांना उत्तर दिलं नाहीस ते तुला कठीण वाटलं म्हणून.

उद्या एखाद्या रस्त्याला किंवा बांधकामाला ही टेकडी आडवी आली, तर तिच्या बाजूने बोलणार कोण? तुझे परदेशातले वाचक इथे धावत येणार आहेत का?

सोपं लिहिलं की शास्त्र पातळ होतं, असं तू मला ऐकवलंस. इरावतीबाई कर्वे माहीत आहेत ना? आपल्याच तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशवांची सून. डेक्कन कॉलेजातच शिकवायच्या. त्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. त्याच बाईंनी ‘युगान्त’ मराठीत लिहिलं, १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि महाभारताकडे पाहायची हजारो घरांची नजर बदलली. त्यात शास्त्र कुठे पातळ झालंय, दाखव मला. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी उत्खननातला महाराष्ट्र मराठीत मांडला. केतकरांनी तर १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, आणि त्यासाठी गावोगाव वर्गणीदार जमवले. ही माणसं विद्वत्तेत तुझ्यापेक्षा उणी होती का?

मराठी पुस्तकाला बढतीत गुण मिळत नाहीत, हे खरं असेल. ती व्यवस्था चुकीचीच आहे, तिच्याशी जरूर भांड. बढतीसाठी जे लिहावं लागतं तेही लिही, मी अडवत नाही. पण तू आता प्राध्यापक झालास, नोकरी पक्की झाली. आता कोणाची भीती? तुझ्या इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर कोणीतरी करील म्हणून वाट बघू नकोस. भाषांतर नकोच आहे. इथल्या माणसाला समोर बसवून पहिल्यापासून लिही.

साठ पानं पुरेत. नकाशात केळशीच्या प्रत्येक पाखाडीचा रस्ता दिसू दे. ज्यांनी माहिती दिली त्यांना विचारून त्यांची नावं घाल. किंमत अशी ठेव की उत्सवाच्या बाजारात माणूस खिशात हात घालून ते घेईल. पुढच्या चैत्राआधी खर्डा झाला पाहिजे, आणि तो आधी माझ्याकडे आणायचा नाही. ज्या पडवीत जेवलास तिथे जा, मोठ्याने वाचून दाखव. जिथे ते तुला थांबवतील तिथे खूण कर आणि ते पान पुन्हा लिही.