संन्याशालाच का?

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण अधिकाऱ्यांच्या मूर्खपणाला किंवा लबाडीला हसण्यासाठी वापरतो. मला ते पुरेसे वाटत नाही. लबाड तपासनीस जगात आहेतच. पण निरपराध माणूस पुष्कळदा प्रामाणिक, कष्टाळू माणसांच्या हातून अडकतो, आणि मला अधिक भय वाटते ते त्यांचे.

लंडनमधल्या अडॉल्फ बेकचेच प्रकरण घ्या. एक भामटा उमराव असल्याची बतावणी करून बायकांना खोटा चेक देई आणि त्यांच्या अंगठ्या-घड्याळे लांबवी. १८९५च्या डिसेंबरात एका फसलेल्या बाईने बेकला भर रस्त्यात ‘हाच तो!’ म्हणून धरले. मग इतर बायकांना तो दाखविण्यात आला. एकीमागून एक त्यांनी शपथेवर तेच सांगितले. १८९६ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

बायका खोटे बोलत नव्हत्या. पण जितक्या साक्षी तितकी खात्री, हा हिशेब कच्चा. पहिलीला जे साम्य भुलवील तेच दुसरीलाही भुलविणार. चूक एकच, मोजली मात्र अनेकदा! लंडनची वस्ती तेव्हा ४० लाखांवर होती. चेहरा ‘लाखात एक’ म्हटला, तरी तसे चाळीस निघतील. पोलिसांना त्यांतला एक मिळाला आणि शोध तिथेच थांबला.

पोलिसांच्या मते बेक म्हणजे १८७७ साली अशाच गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला स्मिथ. दोन्ही वेळचे हस्ताक्षर एकाच माणसाचे, असे सरकारचा तज्ज्ञही म्हणाला होता. वास्तविक त्या साली बेक दक्षिण अमेरिकेत होता. १८९८ मध्ये दप्तरातील नोंदीवरून उघड झाले की, स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. मग बेक सुटला? छे! त्याच्या नावापुढची जुन्या शिक्षेची खूण तेवढी काढली गेली. माणूस १९०१ पर्यंत आतच.

आपल्याला हे परके वाटायला नको. ऐन फराळाच्या गडबडीत अंगठी दिसेनाशी झाली की घराची नजर कामवाल्या बाईकडे वळते. ती गप्प बसली तर ‘मनात पाप आहे’. रडली तर ‘सोंग करते’. पुढे अंगठी बेसनाच्या डब्यात सापडली, तरी ‘या खेपेला नसेल घेतली’ असे म्हणणारी भली माणसे मी पाहिली आहेत.

१९०४ साली बेकला त्याच आरोपावरून पुन्हा पकडले, आणि पुन्हा दोषी ठरविले. या वेळी न्यायाधीशांच्या मनात शंका आली; त्यांनी शिक्षा सांगणे लांबणीवर टाकले. बेक कोठडीत असतानाच तशाच अंगठ्या गहाण टाकताना स्मिथ सापडला. बेकला माफी मिळाली. (न केलेल्या गुन्ह्याची माफी!) पुढे भरपाई म्हणून पाच हजार पौंडही मिळाले. १९०७ मध्ये इंग्लंडात फौजदारी अपिलाचे कोर्ट स्थापन झाले, त्यामागे हे प्रकरण होते. बेक १९०९ साली वारला.